एच-4 वर सॅन फ्रान्सिस्कोला आलात? सिटी कॉलेजची तयारी भाडेकरारापासून करा

जून 2018 मध्ये इस्लामपूरहून इथे आले तेव्हा कडेवर दीड वर्षाची लेक होती, पासपोर्टवर एच-4 चा, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसाचा, शिक्का होता आणि गाठीला बालवाडीत सहा वर्षं शिकवल्याचा अनुभव. त्या अनुभवाचं या देशात काय करायचं हे कुणाला सांगता येईना. शेवटी शेजारच्या चिनी आजींनी मोजक्या इंग्रजीत "सिटी कॉलेज, फ्री" एवढंच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून मला तिथे नेलं. आजींनी माझ्यासाठी केलं ते मी आता नव्याने येणाऱ्या बायकांसाठी करते. प्रत्येकीला तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं.

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को 1935 मध्ये सुरू झालं. तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. वर्ग शहरभर विखुरलेले, विद्यार्थी एका तासावरून दुसऱ्या तासाला ट्रामने जायचे, म्हणून लोक त्याला ट्रॉली कार कॉलेज म्हणायचे. आज मुख्य आवार ओशन कॅम्पस आहे, शिवाय मिशन, चायनाटाउन-नॉर्थ बीच, जॉन अ‍ॅडम्स अशी केंद्रं आहेत. इथे परिचारिका घडतात, स्वयंपाकी घडतात, मोटारी दुरुस्त करणारे घडतात, आणि साठीतले लोक इंग्रजीची मुळाक्षरंही गिरवतात. 2016 च्या मतदानात शहरातल्या लोकांनी 50 लाख डॉलर आणि त्यावरच्या मालमत्तांच्या विक्रीवर जादा कर मान्य केला, आणि 2017 पासून इथल्या रहिवाशांची कॉलेजची फी शहर भरू लागलं. त्या योजनेचं नाव फ्री सिटी.

कॉलेजला दोन दारं आहेत, हे आधी समजून घ्या. एक नॉन-क्रेडिटचं. इंग्रजी, संगणकाची तोंडओळख, शिवणकाम असे वर्ग. यांना फी नाहीच, त्यामुळे फ्री सिटीची गरजही नाही. दुसरं क्रेडिटचं. त्यात गुण मिळतात, प्रमाणपत्र आणि पदवी मिळते. विषय किती मोठा ते युनिटमध्ये मोजतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटचे 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला 138. रहिवासी ठरला नाहीत तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो, आणि फ्री सिटीही मिळत नाही.

एच-4 वर शिकता येतं. त्यासाठी एफ-1, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, घ्यावा लागत नाही. हे ठासून सांगते, कारण एका खासगी सल्लागाराने मला उलटं सांगून व्हिसा बदलायचे पैसे मागितले होते. एफ-1 वर गेलात तर कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरायची वाटच बंद होते. एच-4 वर ती उघडी असते. मात्र बी व्हिसावर भेटायला आलेल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना कौतुकाने वर्गात घालू नका, त्या व्हिसावर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायची परवानगी नसते.

आता मुख्य गोष्ट. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण व्हावा लागतो. नुसतं राहून भागत नाही. इथेच राहायचा तुमचा इरादा आहे, हे कागदांवरून दिसावं लागतं. आणि आपल्या घरांत सगळे कागद नवऱ्याच्या नावावर असतात. भाडेकरार त्याचा, विजेचं बिल त्याचं, बँकेचं खातं त्याचं, गाडी त्याची. मी ऑगस्ट 2019 च्या सत्रासाठी गेले तेव्हा येऊन चौदा महिने झाले होते, पण माझ्या नावाचा सगळ्यात जुना कागद नोव्हेंबर 2018 चा निघाला. वर्ष भरत नव्हतं. एक अख्खं सत्र गेलं. नवऱ्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. तुमचं तसं होऊ नये.

म्हणून विमानातून उतरल्यावर पहिल्या महिन्यात एवढं करा. घरमालकाला सांगून भाडेकरारावर स्वतःचं नाव घाला. वीज, गॅस किंवा इंटरनेट, एक तरी बिल स्वतःच्या नावावर घ्या. बँकेचं खातं संयुक्त करा आणि महिन्याच्या पत्रकावर दोघांची नावं छापून येतात का ते बघा. डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या कार्यालयात, जाऊन कॅलिफोर्नियाचं ओळखपत्र काढा. गाडी शिकायची आहे, मग लायसन्सच काढू, म्हणून थांबू नका. मी त्यातच पाच महिने घालवले. कर भरायची वेळ आली की राज्याचं विवरणपत्रही संयुक्त भरा. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर कराच्या विवरणपत्रासोबतच आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा क्रमांक, मागता येतो. हे सगळं एका फायलीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा. माझी फाईल निळी आहे, अजून जपून ठेवली आहे.

वर्ष भरेपर्यंत हातावर हात धरून बसू नका, नॉन-क्रेडिटचं दार उघडंच आहे. इंग्रजीच्या वर्गाआधी पातळी ठरवायची परीक्षा होते. आपण मराठी माध्यमातल्या बायका व्याकरणात पुढे असतो आणि बोलताना अडतो. बोलण्याच्या वर्गाबद्दल समुपदेशकाला आवर्जून विचारा. मूल लहान असेल तर बालविकास विभागाचे पालक आणि मुलांनी मिळून यायचे नॉन-क्रेडिट वर्ग शोधा. मी लेकीला घेऊनच जायचे. मुलं खेळतात, आपण त्यांच्याकडे बघायचं, काय दिसलं ते लिहायचं, मग त्यावर बोलायचं. बालवाडीत सहा वर्षं मी शिकवत होते, पण मुलाकडे गप्प बसून बघायला मी इथे शिकले.

रहिवासाचं वर्ष पूर्ण होत आलं की क्रेडिटचा ऑनलाइन अर्ज भरा. कॅलिफोर्नियातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचा अर्ज एकाच ठिकाणी होतो. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं की नवऱ्याचं मधलं नाव, हा घोळ पुढे प्रत्येक कागदावर त्रास देतो. रहिवासाचे प्रश्न सावकाश वाचा, फाईल शेजारी ठेवा. फ्री सिटीचे नियम शहराच्या अंदाजपत्रकाप्रमाणे बदलू शकतात, तेव्हा दर सत्राला विद्यार्थी कार्यालयात विचारा. आरोग्य शुल्कासारख्या किरकोळ रकमा योजनेत येत नाहीत. विषय सोडायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. न सांगता वर्गाला जाणं बंद केलंत तर गुणपत्रिकेवर त्याची खूण राहते.

वर्ग भरलेला दिसला तरी प्रतीक्षायादीत नाव घाला आणि पहिल्या तासाला जाऊन बसा. पहिल्या दिवशी न येणाऱ्यांची नावं शिक्षक कमी करू शकतात, आणि ती जागा समोर बसलेल्याला मिळते. माझा पहिला क्रेडिटचा विषय, मुलांची वाढ आणि विकास, मला असाच मिळाला. ते जानेवारी 2020. मार्चमध्ये सगळं घरात, पडद्यावर आलं, तरी त्या वर्षात बारा युनिट पूर्ण केले.

बालशिक्षणात यायचं असेल तर पायऱ्या अशा. या विषयातले सहा युनिट झाले की राज्याच्या शिक्षक आयोगाकडे साहाय्यकाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याच्या वरच्या, असोसिएट टीचरच्या परवान्याला बारा युनिट लागतात, त्यात ठरलेले मुख्य विषय आले पाहिजेत, शिवाय दोन वर्षांच्या आत 50 दिवस, दिवसाला किमान तीन तास काम केल्याचा दाखला. पगाराचं काम मात्र ईएडी, म्हणजे काम करायचा सरकारी परवाना, हातात आल्याशिवाय करायचं नाही, एक दिवसही नाही. एच-4 वाल्या प्रत्येकीला ते मिळत नाही. साधारणपणे नवऱ्याची आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठीची याचिका, मंजूर व्हावी लागते. माझं 2021 मध्ये आलं, तोपर्यंत अभ्यास हातात तयार होता.

नोकरीआधी क्षयरोगाची तपासणी लागते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी खोटीच सकारात्मक येऊ शकते. डॉक्टरांना बीसीजीबद्दल सांगून रक्ताची चाचणी मागा. माझ्या हातावर सुपारीएवढी सूज आली होती आणि पुढे क्ष-किरणापर्यंत जावं लागलं.

ओशन कॅम्पसला जायला बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, बाल्बोआ पार्कला उतरायचं आणि थोडं चालायचं. रस्त्याचं नाव फ्रीडा काहलो वे. जुलै-ऑगस्टमध्येही तिथे धुकं आणि बोचरा वारा असतो, स्वेटर हवाच. पहिल्यांदा जाताना निळी फाईल, पासपोर्ट, आय-94 (देशात आल्याची सरकारी नोंद) आणि मुलासाठी खाऊ घ्या. रांग मोठी असते. एकटीने जायला धीर होत नसेल तर ओळखीतल्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीला सोबत न्या. मी तर येतेच, गुरुवारी मला सुट्टी असते.