आधी पटावर नाव, मग प्रमाणपत्र

मूल सहा वर्षांचं झालं, पण चालता येत नाही, ऐकू येत नाही किंवा समज उशिरा येते म्हणून अजून घरीच आहे? मग आधी गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्याचं नाव चढवून घ्या. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पण ती तारीख हुकली तरी जा. प्रवेशासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट पाहू नका. जन्मदाखला नाही म्हणूनही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

नाव चढलं की मुख्याध्यापकांना तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवायला सांगा. श्रवणयंत्र, कॅलिपर, ब्रेल पुस्तकं, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता या मागण्या ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून त्यांच्यामार्फत पुढे जातात. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं शिक्षकाची बदली झाली की विसरलं जातं.

प्रमाणपत्राचं काम सोबत चालू ठेवा. स्वावलंबन संकेतस्थळावर नोंदणी करायची, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जायचं असेल, तर कोणती तपासणी कोणत्या दिवशी होते हे आधी विचारून घ्या. भिवापूर-नरखेडहून लेकराला कडेवर घेऊन रिकामं परतणं फार जिवावर येतं, त्यात मजुरीही बुडते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आता शाळेची इमारत. रॅम्प आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. टेप घेऊन मोजा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. त्याहून आखूड रॅम्पवर चाकाची खुर्ची मूल स्वतः चढवू शकत नाही, आणि उतरताना ती घसरते. मग संडास-मुतारी पाहा: दार पुरेसं रुंद आहे का, आत खुर्ची वळते का, धरायला दांडा आहे का. तिथवर जाता येत नसेल तर मूल दिवसभर पाणीच पीत नाही. एप्रिलच्या नागपुरी उन्हात हे किती धोक्याचं, ते आपल्याला सांगायला नको. मुली तर याच एका कारणाने घरी बसतात.

ही दुरुस्ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, ठरावात लिहून घ्या. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारा.

एका गोष्टीला मात्र सहजासहजी होकार देऊ नका: गृहाधारित शिक्षण. अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी ती सोय आहे आणि काहींना ती लागतेच. पण शाळेला सोपं जातं म्हणून मूल घरी आणि नाव पटावर, असं होऊ देऊ नका. घरीच शिकवायचं ठरलं, तर शिक्षक कोणत्या दिवशी आले आणि काय शिकवलं, हे एका वहीत तारखेनिशी लिहून त्यांची सही घेत जा.