बूस्टची तक्रार ट्यूनरकडे नेण्यापूर्वी: जुन्या ऑक्टेव्हिया आरएसची तयारी

2004 साली भारतात आलेल्या पहिल्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये 1.8 लिटरचे, 20 व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन होते आणि कंपनीतून निघताना त्याची ताकद 150 अश्वशक्ती होती. आज या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या रिमॅप झालेल्या (म्हणजे इंजिनच्या संगणकातील प्रोग्रॅम बदललेल्या), मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बसवलेल्या आणि दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेल्या सापडतात. अशा गाडीत बूस्टची, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेच्या दाबाची, तक्रार उद्भवली, की तो दाब ठरवणारा नवा बूस्ट कंट्रोलर बसवण्याकडे सहज कल होतो. परंतु खर्चाला हात घालण्यापूर्वी पुढील तयारी करावी, कारण दोष बहुधा स्वस्त भागात असतो आणि महाग भाग बसवल्याने तो केवळ झाकला जातो.

सर्वप्रथम तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढावी. ‘पिकअप नाही’ एवढे पुरेसे नाही. बूस्ट मुळातच कमी भरतो, सुरुवातीला उसळी मारून खाली येतो, वरच्या आरपीएमला गळतो, की आरपीएमबरोबर थांबता थांबत नाही, या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. गाडी गरम झाल्यावर की थंड असताना, कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला, हेही नोंदवावे. सोबत गाडीत काय काय बदलले आहे त्याची यादी असावी, आणि रिमॅप करणाऱ्याकडून त्याच्या फाइलमध्ये किती दाब मागितला आहे तो आकडा आवर्जून घ्यावा; तो हाती नसेल तर मिळणारा बूस्ट कमी की जास्त हे ठरवताच येत नाही.

दाबाचे आकडे वाचताना एक घोटाळा टाळावा. ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा, लॉग (रीडिंगची नोंद) एकूण दाब दाखवतो, तर डॅशबोर्डवर बसवलेला गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्याने तिथे हवेचा दाब 950 मिलिबारच्या आसपास असतो. म्हणून लॉगमधले 2000 मिलिबार पुण्यात गेजवर 1.05 बार दिसतील आणि मुंबईत जेमतेम 1 बार. शिवाय ईसीयूचा सेन्सर थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा रोखणाऱ्या झडपेच्या) अलीकडे असतो, तर बाहेरून लावलेल्या गेजची नळी बहुधा इनटेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडून, घेतलेली असते. ईसीयूने थ्रॉटल थोडे मिटले, तर दोन्ही रीडिंग खरी असूनही जुळत नाहीत.

यानंतरचे काम गळती शोधण्याचे, आणि माझ्या मते निम्मी तयारी इथेच आहे. टर्बोच्या तोंडाशी टोपण बसवून, क्रँककेसकडे जाणारी नळी बंद करून, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने 0.7 बारपर्यंत सावकाश हवा भरावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारावे. इंजिन बंद असताना धडधाकट दिसणारा होज दाबाखाली उघडतो: मॅनिफोल्डखालच्या वळणावर खालच्या बाजूने गेलेली केसाएवढी चीर बोटाला लागत नाही, पण दाब चढताच तिच्या कडेने बुडबुड्यांची रांग उमटते. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) जोडांवरचे क्लॅम्प, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब परत वळवणाऱ्या झडपेचा) पडदा आणि वीस वर्षांत लाकडासारख्या कडक झालेल्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या या क्रमाने पाहाव्यात. इंटरकूलरचा होज सुटला तर बूस्ट पडतो; मात्र वेस्टगेट (एक्झॉस्टचा काही प्रवाह टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी नळी फाटली, तर अ‍ॅक्च्युएटरला दाब न पोचल्याने वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट धोकादायक पातळीवर जातो. नळी फाटल्याची शंका असेल, तर ती बदलेपर्यंत गाडीला पूर्ण थ्रॉटल देऊ नये.

वेस्टगेट हातपंपाने तपासावे. अ‍ॅक्च्युएटरला थोडा थोडा दाब देऊन रॉड कोणत्या आकड्याला हलू लागतो, अडखळत सरकतो का, आणि पंप थांबवल्यावर दाब टिकतो का, हे पाहून लिहून ठेवावे. दाब उतरला तर आतला पडदा गेलेला आहे. आधीच्या मालकाने रॉडचा नट फिरवून ताण वाढवला असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी, आणि नटाला हात लावण्यापूर्वी त्याच्या जागी रंगाची खूण करावी. एन 75 सॉलेनॉइडच्या (वेस्टगेटकडे जाणारा दाब ईसीयूच्या सांगण्यावरून कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या झडपेच्या) तीन नळ्या योग्य तोंडांना आहेत ना, हे पाहावे. हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर जोडलेला असल्यास तो तपासणीपुरता काढून नळ्यांची मूळ जोडणी करावी, नाहीतर ईसीयू आणि कंट्रोलर दोघेही एकच दाब आपापल्या परीने हाकत राहतात.

लॉग शेवटी घ्यावा, आणि तोही डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर). रहदारीच्या रस्त्यावर हे करू नये. नेहमीचेच पेट्रोल भरून, तिसऱ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल द्यावे. व्हीसीडीएस या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये गट 115 मागितलेला आणि मिळालेला दाब दाखवतो, 118 मध्ये एन 75ची ड्यूटी (ती झडप किती टक्के वेळ चालू आहे ते) दिसते आणि 020 मध्ये नॉकमुळे (इंधनाच्या अवेळी स्फोटामुळे) मागे घेतलेले इग्निशनचे टायमिंग. ड्यूटी 90 टक्क्यांवर असूनही दाब मागणीपेक्षा कमी असेल, तर गळती राहिली आहे किंवा वेस्टगेट नीट मिटत नाही. ड्यूटी शून्याकडे आलेली असूनही दाब चढतच असेल, तर सॉलेनॉइड निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी मोकळ्या एक्झॉस्टमुळे वाढलेला प्रवाह लहान वेस्टगेटला पेलत नाही, आणि यावर कोणताही कंट्रोलर उपयोगी पडत नाही. रीडिंग 2550 मिलिबारच्या आसपास सपाट झाले, तर तिथे मूळ सेन्सरची मर्यादा संपली असे समजावे. खरा दाब त्याहून जास्त असू शकतो.

ट्यूनरकडे जाताना हे लॉग, बदलांची यादी, हातपंपाचे आकडे, गाडीचा मूळ एन 75 आणि नवे क्लॅम्प बरोबर न्यावेत, आणि एका वेळी एकच भाग बदलून प्रत्येक बदलानंतर पुन्हा लॉग घेण्याचे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्यावे.