गेमिंग माउस आणि कीबोर्ड: दमट हवेत राहणाऱ्यांनो, या चुका टाळा

गेमिंग माउसच्या खोक्यावर ‘२ कोटी क्लिक’ असं ठळक छापलेलं असतं. दिवसाला १०,००० क्लिक धरले, आणि रोज रात्री व्हॅलोरंट खेळणाऱ्याचे हे भरपूर झाले, तरी २ कोटी व्हायला २,००० दिवस लागतात. म्हणजे जवळपास साडेपाच वर्षं. प्रत्यक्षात कळव्यापासून खारघरपर्यंत गेमिंग करणाऱ्या पोरांना विचारा. दुसरा पावसाळा सरला की डावं बटण एकदा दाबलं तरी दोनदा लागतं, ही तक्रार हमखास ऐकू येते.

छापलेला आकडा खोटा नसतो. तो स्विचच्या यांत्रिक आयुष्याचा असतो, ठरावीक तापमान आणि आर्द्रता ठेवून मोजलेला. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. इथे माउस झिजायच्या आधी काळवंडतो, चिकटतो किंवा त्याची वायर जाते. म्हणून घेताना काय बघायचं आणि घरी कसं वापरायचं, दोन्ही गोष्टी या हवेच्या हिशेबाने ठरवा.

कोटींचा आकडा बघणं, स्विचचा प्रकार न बघणं

साध्या मायक्रोस्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ, वाकवलेली पत्ती असते. बटण दाबलं की ती टक्कन पलटते आणि खालच्या टोकाला टेकते. डबल क्लिक करणारा माउस उघडा, स्विचचं झाकण टाचणीने अलगद काढा आणि ती पत्ती उजेडात धरा. जिथे टोक टेकतं तिथे मोहरीच्या दाण्याहून लहान काळसर डाग दिसतो. तो ऑक्साइडचा थर. माउसच्या सर्किटमधला प्रवाह इतका कमी असतो की तो थर जळून साफ होत नाही, साचतच जातो. मग एकाच दाबात संपर्क जुळतो, तुटतो आणि परत जुळतो, आणि संगणकाला दोन क्लिक पोचतात. ड्रॅग करताना फाइल मध्येच सुटणं, धरून ठेवलेला स्कोप आपोआप निघणं, हीसुद्धा याच बिघाडाची लक्षणं.

ऑप्टिकल स्विचमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे बटणाची हालचाल इन्फ्रारेड किरण ओळखतो. धातूला धातू टेकवून सिग्नल जात नाही, त्यामुळे काळवंडायला काही उरत नाही. रेझरने आपल्या ऑप्टिकल स्विचसाठी आधी ७ कोटी आणि पुढे ९ कोटी क्लिकचा आकडा दिला. माझ्या मते आपल्यासाठी तो आकडा दुय्यम आहे, संपर्कच नसणं महत्त्वाचं. बजेट थोडं ताणता येत असेल तर पैसे इथे घाला. क्लिकचा आवाज आणि स्पर्श थोडा वेगळा लागतो, तेवढा दुकानात दाबून बघा.

कीबोर्डात हेच काम हॉल इफेक्टचे, म्हणजे चुंबकीय स्विच करतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ते चालतात: की खाली जाते तसं चुंबक सेन्सरच्या जवळ येतं आणि की किती दाबली गेली ते सतत मोजलं जातं. इथेही धातूचा संपर्क नाही. लोक हे कीबोर्ड रॅपिड ट्रिगरसाठी, म्हणजे की जराशी उचलली तरी सुटल्याची नोंद व्हावी म्हणून घेतात, पण दमट घरात टिकण्याच्या दृष्टीनेही ते उत्तम. एक सावधगिरी मात्र हवी. दोन विरुद्ध दिशांच्या की आपोआप सांभाळणारी स्नॅप टॅपसारखी सोय काउंटर-स्ट्राइक २ मध्ये व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून निषिद्ध केली आहे. ती सोय चालू ठेवून खेळलात तर अधिकृत सर्व्हरवरून बाहेर काढलं जातं.

डीपीआयच्या, म्हणजे माउस हलवल्यावर बाण किती पळतो त्या आकड्याच्या स्पर्धेकडे लक्षच देऊ नका. बरेच चांगले खेळाडू ४०० ते १६०० मध्ये खेळतात. २६,००० डीपीआयवर बाण मनगटाच्या थरथरीनेही पडद्याबाहेर जातो. पोलिंग रेट, म्हणजे माउस संगणकाला सेकंदाला किती वेळा नोंद पाठवतो तो आकडा, १००० हर्ट्झ असला की दर मिलिसेकंदाला एक नोंद जाते, आणि ती बहुतेकांना पुरते. ८००० हर्ट्झ लावलात तर वायरलेस माउसची बॅटरी झपाट्याने उतरते.

मखमली पकड बघून भुलणं

दुकानात हातात घेतल्यावर मऊ, रबरासारखा लागणारा माउस फार आवडतो. तो मुलामा बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचं रासायनिक विघटन होतं. घामाने आणि हाताच्या तेलाने ते आणखी लवकर होतं. दोन-तीन वर्षांनी पृष्ठभाग गुळासारखा चिकट होतो, त्यात धूळ रुतते. नुसता कपाटात ठेवलेला माउससुद्धा असा होतो. साधं, किंचित खरखरीत प्लास्टिक घ्या. चिकट झालेला मुलामा आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड भिजवून घासलं तर उतरतो आणि खालचं प्लास्टिक वापरता येतं. वेळ लागतो, हात काळे होतात, पण माउस वाचतो.

कीकॅपचंही तेच. एबीएस प्लास्टिकचे कीकॅप डब्ल्यू-ए-एस-डी या खेळात चालायच्या कींवर काही महिन्यांत गुळगुळीत आणि चमकदार होतात. पीबीटी प्लास्टिकचे जास्त टिकतात. अक्षर नुसतं वरून छापलेलं असेल तर ते पुसलं जाणारच. डबल शॉट, म्हणजे अक्षर वेगळ्या प्लास्टिकचं ओतलेलं असेल, तर ते कधीच जात नाही.

एसी बंद करून लगेच खिडकी उघडणं

या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि आपल्याकडे नुकसान हीच जास्त करते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली ओलाव्याचं दव होतं ते तापमान, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी १८-२० वर लावून चार तास खेळलात की कीबोर्ड, माउस, टेबल सगळं दवबिंदूहून थंड होतं. खेळ संपला, एसी बंद केला, खिडकी उघडली की बाहेरची ओली हवा आत येते आणि थंड वस्तूंवर दव धरते. काचेवर ते दिसतं. स्विचच्या आत, पीसीबीवर (आतल्या सर्किटच्या पाटीवर), स्विच खोचायच्या सॉकेटच्या पट्ट्यांवर दिसत नाही. रोज रात्री असं चार महिने झालं की कीबोर्ड एका दाबात ‘ततत’ टाइप करायला लागतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. एसी २५-२६ वर ठेवा आणि पंखा लावा. बंद केल्यावर अर्धा तास खिडकी उघडू नका. वापर नसताना कीबोर्डवर कापड किंवा झाकण टाका. घोडबंदर रोडला मेट्रो आणि टॉवरांच्या कामाची बारीक धूळ येते, तिच्यासाठीही ते लागतंच. ओलाव्यात धुळीचा चिखल होतो आणि स्क्रोल व्हील किती फिरलं ते मोजणाऱ्या एन्कोडरमध्ये बसतो. खाली फिरवलेलं पान मध्येच वर उडी मारतं ते त्यामुळे.

पुसायला सॅनिटायझर वापरू नका. कोविडपासून ही सवय बऱ्याच घरांत रुजली आहे. त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर ठेवतं आणि बटणांच्या फटीत उतरतं. किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरे.

‘मेकॅनिकल फील’ म्हणजे मेकॅनिकल समजणं

‘मेकॅनिकल फील’, ‘सेमी मेकॅनिकल’, ‘मेका-मेंब्रेन’ या नावांचे कीबोर्ड बहुतेक वेळा रबर डोमचे साधे मेंब्रेन कीबोर्डच असतात, म्हणजे कींखाली रबराच्या टोप्या आणि एकच पातळ पडदा. वर रंगीत दिवे आणि उंच कीकॅप. ठाण्यातल्या एका दुकानात ‘हा पूर्ण मेकॅनिकल आहे’ असं माझ्यासमोर एका कॉलेजच्या मुलाला सांगितलं जात होतं. त्याने काउंटरवरच एक कीकॅप उपटून बघितला, खाली प्लास्टिकची नळी आणि पांढरं रबर निघालं. तुम्हीही हेच करा, आधी विचारून. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच दिसतो, बहुतेकदा वर अधिक चिन्हासारखा खांब असलेला.

मेंब्रेन वाईट नाही. हजारभर रुपयांत तो घेणं शहाणपणाचं आहे, फक्त मेकॅनिकलचे पैसे देऊन घेऊ नका. मेंब्रेन घेताना शिफ्ट, डब्ल्यू आणि स्पेस एकत्र दाबून तिन्ही लागतात का ते बघा. स्वस्त कीबोर्डात काही जोड्यांना तिसरी की हरवते.

मेकॅनिकल घेणार असाल तर हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच उपटून बदलता येणारा घ्या. चेरीच्या एमएक्स रचनेचं पेटंट २०१४ च्या सुमारास संपल्यावर अनेक कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या, त्यामुळे सुटे स्विच स्वस्त मिळतात. एक की बिघडली तर चिमट्याने स्विच उपटायचा, नवा बसवायचा, सोल्डरिंग नाही. बसवताना पिना सरळ आहेत का ते बघूनच दाबा, कारण वाकलेल्या पिनेवर जोर दिला तर सॉकेट पीसीबीवरून सुटतं आणि मग सोल्डरिंग टळत नाही. सॉकेट तीन पिनांचं असेल तर पाच पिनांचा स्विच जास्तीच्या दोन प्लास्टिकच्या पिना कापून बसतो.

निदान न करताच फेकून देणं

वायरलेस माउस अडखळतो म्हणजे सेन्सर गेला असं नाही. यूएसबी ३ चं पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं, आणि माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, त्याच पट्ट्यात बोलतो. कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ मध्ये पेनड्राइव्हशेजारी खोचलेला डोंगल काढा, छोट्या एक्स्टेंशन वायरने टेबलावर माउसच्या जवळ आणा. ऐरोली-घणसोलीच्या मोठ्या सोसायट्यांत प्रत्येक घरात वायफाय असल्याने याचा फरक ठळक जाणवतो. तरीही बाण उड्या मारत असेल तर माउस उलटा करा. सेन्सरच्या भोकात एक केस पुरतो. चकचकीत सनमायका किंवा काचेवर वापरत असाल तर साधा कापडी पॅड घ्या.

डबल क्लिकसाठी आधी दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथेही होत असेल तर माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्स टाइम, म्हणजे एका क्लिकनंतर लगेच आलेला दुसरा क्लिक किती वेळ दुर्लक्षायचा ती सेटिंग, असते का शोधा. तो वेळ काही मिलिसेकंद वाढवला की माउस आणखी काही महिने काढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंबही कधीकधी उपयोगी पडतो. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते.

कायमचा उपाय म्हणजे स्विच बदलणं. सुटा स्विच स्वस्त असतो, आणि ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर असले सुटे भाग आणि दुरुस्ती दोन्ही मिळतात. बहुतेक माउसचे स्क्रू खालच्या सरकपट्ट्यांच्या मागे लपलेले असतात. पट्ट्या हेअर ड्रायरने किंचित गरम करून सोलल्या तर परत चिकटतात, नखाने ओरबाडल्या तर मुडपतात.

वायरलेस नको असेल तर वायरची मान बघा, माउसमधून वायर बाहेर येते ती जागा. वायर तिथेच तुटते. बंजीने, म्हणजे वायरच्या छोट्या स्टँडने वर धरलेली मऊ, विणलेली वायर जास्त चालते. कीबोर्डाची वायर मागे टाइप-सीने सुटी होणारी घेतली तर बिघाड फक्त नव्या वायरच्या किमतीवर निभावतो.

कीबोर्डवर चहा सांडल्यावर चालू करून बघणं

पहिलं काम प्लग काढणं, वायरलेस असेल तर स्विच बंद करणं. मग लगेच उलटा धरा. ‘चालतोय का’ म्हणून लावून बघू नका, ओल्या पीसीबीत वीज गेली की त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या जातात. साध्या पाण्यापेक्षा दूध-साखरेचा चहा वाईट, कारण वाळल्यावर साखर स्विचमध्ये गोंद होते. कीकॅप काढून कोमट साबणाच्या पाण्यात टाका. प्लेट आणि स्विच डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या; आत बॅटरी असेल तर धुऊ नका. पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस द्या, पंख्याखाली. तांदळात पुरून काही होत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते. गरम ड्रायरने कीकॅप वाकतात.

बिल न घेता स्वस्तात उचलणं

समोरासमोरच्या सौद्यात पाच-सातशे रुपये वाचतात, पण माल परस्पर आयात केलेला असेल तर भारतातली वॉरंटी मिळत नाही. आयात केलेल्या बंद खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असायला हवी, तसा नियमच आहे. तो स्टिकर नसेल तर खोका खाली ठेवा. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि माउसखालच्या स्टिकरचा घरी आल्या आल्या फोटो काढा; घामाने तो वर्षभरात पुसट होतो, आणि सर्व्हिस सेंटरवाले आधी तोच मागतात. वॉरंटी चालू असताना माउस उघडू नका, डबल क्लिक हा वॉरंटीत बसणारा बिघाड आहे. ‘क्लिक वापराने गेलं’ म्हणून टाळलं तर लेखी उत्तर मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बिलाचा आणि बिघाडाच्या व्हिडिओचा पुरावा सोबत ठेवा. व्हिडिओत बोट एकदाच दाबताना आणि पडद्यावर दोन क्लिक पडताना एकाच चौकटीत दिसायला हवं.