कोकणातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात रुजू होताना: फाईल पहिल्या दिवसापासून

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा कोकणातल्या एखाद्या कॉलेजात सहायक प्राध्यापकाची ऑर्डर हातात पडली, की नवखा माणूस सगळा जीव शिकवण्यात ओततो. ते बरोबरच. पण बढतीची समिती तुमच्या वर्गात येऊन बसत नाही, ती कागद बघते.

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेच्या २०१९च्या नियमांत शिक्षकाचं मूल्यमापन १०० गुणांचं आहे. त्यात २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला आणि २५ अध्यापनाला. अध्यापनाचे गुण नियोजित तास किती आणि प्रत्यक्ष झाले किती, यावर ठरतात. कोकणात गोम इथेच आहे. जुलैत रेड अलर्ट, सावित्री-वाशिष्ठीला पूर, जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी. सावरतोय तोवर गणपती. बुडालेला तास शनिवारी घ्या आणि हजेरीपटात तिथल्या तिथे लिहा: '१२ जुलैचा तास, अतिवृष्टीची सुट्टी, भरपाई आज'. शेजारी विभागप्रमुखांची सही. सेमिस्टर संपल्यावर एकगठ्ठा लिहिलेल्या नोंदी एकाच शाईच्या, एकाच हाताच्या दिसतात. जाणकाराला ते लगेच कळतं.

पीएचडीचं गणित आधी मांडा. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापक व्हायला ८ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली २ वर्षं पीएचडीनंतरची. शिवाय मान्यताप्राप्त जर्नल्समध्ये किमान ६ शोधनिबंध. पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं जातात, नोकरी सांभाळून बहुधा जास्तच. सातव्या वर्षी पदवी मिळाली तर अर्ज नवव्या वर्षी. म्हणून नोंदणी पहिल्या दोन वर्षांतच करा, आणि गाइड निवडताना त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का ते आधी विचारा.

आठवडाभरात स्वीकृती आणि सोबत फीचं बिल पाठवणाऱ्या जर्नलपासून लांब राहा. 'इंडेक्स्ड', म्हणजे मान्य यादीत नोंदलेलं, हा दावा जर्नलच्या साइटवर नाही, त्या मूळ यादीत तपासा.

नव्या तंत्रशिक्षकांसाठीच्या 'एनआयटीटीटी' या प्रशिक्षणाची ८ मॉड्यूल्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आहेत. ती लवकर उरका. इंडस्ट्री ट्रेनिंगसाठी लोटे किंवा महाड एमआयडीसी गाठता येते. मे महिन्यात घरी आंब्याची गडबड असते, तरी मोकळे आठवडे तेव्हाच मिळतात. प्रमाणपत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. त्यावर सुरुवातीची-शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष काय काम केलं, हे हवंच.

तासिका तत्त्वावर सुरुवात झाली असेल तर नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, पगाराचा पुरावा आणि कार्यमुक्तीचं पत्र कॉलेज सोडतानाच मागून घ्या.