खारी हवा आणि पॉवर्ड पॅराशूट: या चुका टाळा

पॉवर्ड पॅराशूटचं, म्हणजे पॅराशूटखाली टांगलेल्या इंजिनच्या चाकगाडीचं, इंजिन हवेत बंद पडलं तरी डोक्यावरची कॅनोपी (पॅराशूटचं कापडी छत्र) उघडीच असते, त्यामुळे यान तरंगत उतरतं. मात्र उंचीच्या तिप्पट-चौपट अंतरापलीकडे ते जात नाही. गोव्यात मोरजीला किंवा केरीला 100 मीटर उंचीवर असताना किनाऱ्यापासून 500 मीटर समुद्रात गेलात आणि इंजिन थांबलं, तर वाळू गाठता येणार नाही. समुद्रावर मिरवण्याची हौस इथेच अंगाशी येते.

इंजिन बंद पडतं ते बहुधा क्षुल्लक कारणाने. टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोल-तेलाचं 50:1 मिश्रण सांगितलं असेल, तर 20 लिटर पेट्रोलला 400 मिली तेल मोजून घाला, अंदाजाने नको. स्पार्क प्लग काढून पाहा: कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक, पांढरट असेल तर इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. मग कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारं रबर हाताने वाकवून त्याला भेगा पडल्यात का तपासा, पेट्रोलचा फिल्टर पाहा. हा दोष न काढता उडत राहिलात तर पिस्टन जाम होतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून जूनआधी टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

प्रोपेलर मागे असतो, हे लोक विसरतात. जे सुटेल ते त्याच्यातच जातं: एक्झॉस्टची तुटलेली स्प्रिंग, नट, टोपी, पर्यटकाचा मोबाइलसुद्धा. स्प्रिंगांना सेफ्टी वायर हवीच. वाळूवर उभं राहून पूर्ण थ्रॉटल (इंजिनाचा जोर) दिला तर उडालेल्या वाळूने पात्यांची कड खरवडली जाते.

खारे तुषार लागलेली कॅनोपी नळाच्या पाण्याने धुवा, साबण नको, आणि सावलीत वाळवा. नायलॉनला ऊन खातं. सुकलेल्या मिठाचे कण दोऱ्या आतून घासतात. दोऱ्या अडकवलेल्या स्टीलच्या कड्यांवरचं रबर सरकवून पाहा, गंज त्याच्याखाली लपतो. दोरीचा गाभा दिसत असेल तर उड्डाण रद्द. गाठ मारून भागवू नका: लांबी बदलते, ताकदही घटते. त्याच प्रकारची, त्याच मापाची दोरी घाला.

उड्डाणासाठी जमिनीवर धावताना वर पाहा. एखादी दोरी कॅनोपीवरून गेली असेल किंवा तिचे हवा भरणारे कप्पे मिटलेले असतील, तर थ्रॉटल बंद करून थांबा. वर गेल्यावर सुटेल या भरवशावर चाकं जमिनीवरून उचलू नका.