३१ नंबरच्या कॅडिलॅकचा पिट-स्टॉप

नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅक्शन एक्सप्रेस रेसिंगची ही प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेली गाडी. तिच्यात दलारा कंपनीची चॅसी (गाडीचा सांगाडा), ५.५ लिटरचं व्ही८ इंजिन आणि जोडीला हायब्रिड मोटर. २०२३ मध्ये तिने सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली. अशी गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टायर-इंधनाच्या थांब्यावर आली की घाई हाताची करा, डोळ्यांची नको.

आधी हाय व्होल्टेजचा दिवा बघा. हिरवा नसेल तर हात लावू नका. मग हवेची नळी जोडा, आतले जॅक गाडी उचलतात. चाकाला मधोमध एकच नट असतो. नट फिरवायची गन नटाच्या अगदी रेषेत धरा. जरा तिरकी बसली की आटे मारले जातात, नट अर्धवट बसतो आणि चाक ट्रॅकवर निखळतं. शंका आली तर नट काढून पुन्हा लावा. गेलेले सेकंद परवडतात.

ड्रायव्हर बदलताना उतरणाऱ्याने रेडिओची वायर आणि पाण्याची नळी आधी सोडवायची, मग नव्याचे पट्टे ओढायचे. खांद्याचा पट्टा पाठीमागे दबला तर सगळं अडतं.

इंधनाची नळी निघाल्याची खूण मिळेपर्यंत गाडी सोडू नका. टायर थंड असतात, त्यामुळे बाहेर पडताना पहिली वळणं सांभाळून घ्यायची.