गंजीतलं गवत चोरीला जातंय? आधी या चुका टाळा

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या गवताच्या, गंजी रचून झाल्या की मुंबईत आरेपासून जोगेश्वरीपर्यंत तबेल्यांत एकच तक्रार ऐकू येते, गवत चोरीला जातंय. चुकाही दर वर्षी त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे न मोजता चोर शोधणं. ती मी केली आहे. तेव्हा माझ्याकडे 14 म्हशी होत्या. एका म्हशीला 6 किलो सुकं गवत धरलं तर रोजचं 84 किलो. महिनाभर पुरेल म्हणून घेतलेली गंज 25व्या दिवशी तळाला लागली. मी रात्री गंजीपाशी खाट टाकली, आणि जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा सकाळी तिथून जाताना दिसला तर त्याला चारचौघांत चोर म्हणालो. पुढच्या खेपेला वाडा तालुक्यातून गवताचा टेम्पो आला तेव्हा सहज भारे मोजले. चलनावर 300, उतरले 252. गवत माझ्या दारापर्यंत पोचतच नव्हतं. मी पाड्यावर जाऊन त्या मुलाच्या आईची माफी मागितली. तिने दारातूनच मान हलवली. ते अजून टोचतं.

तेव्हापासून माल उतरताना मी स्वतः दाराशी उभा राहतो. दर 10 भाऱ्यांमागे भिंतीवर खडूची एक रेघ. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवतो. भारा हातात पिळूनही बघतो, कारण ओलं गवत सुकलं की वजन घटतं आणि तीही चोरीच वाटते. शिवाय ओली गंज आतून तापते, कधी पेटही घेते.

धंद्यात नवीन आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात कॅमेरा लावतात. लावा, पण गवताच्या हिशेबाची वही आधी घाला. तिला दिवसाची पाच मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर म्हशी पाळू नका.

कुंपणाच्या तारेत घरचा करंट सोडू नका. माणूस मरतो.

रात्री अनोळखी टेम्पोतून स्वस्त गवत घेऊ नका. ते कुणाच्या तरी गंजीतलंच असतं.

पोलिसांत जाऊन ‘थोडं गवत गेलं’ असं मोघम सांगू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे. माल 5,000 रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा, धरला जाऊ शकतो. म्हणून बिलं, काट्याच्या पावत्या आणि वही सोबत न्या, भाऱ्यांचा आकडा आणि भाव लिहूनच तक्रार द्या.